समोरचा वार

सांगलीला नाथाजीराव वकिलांकडं शिकायला जायचं म्हणजे आधी कातडं जाड करून जावं लागायचं. सगळं आयुष्य फौजदारीत घालवलेला म्हातारा. सगळे त्याला आबा म्हणत, आणि कोर्टाच्या आवारात आबा दिसले की भले भले साक्षीदार घाम पुसायला लागत. दर रविवारी सकाळी बंगल्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आबा नवशिक्या वकिलांचा वर्ग घ्यायचे. फी नाही, सर्टिफिकेट नाही, चहा मात्र दोनदा. पोरं त्या शेडला आखाडा म्हणायची आणि ते काही खोटं नव्हतं. जुन्या लोखंडी पलंगाचे कठडे वेल्डिंग करून आबांनी साक्षीदाराचा पिंजरा बनवून घेतला होता. एकानं साक्षीदार म्हणून आत उभं राहायचं, दुसऱ्यानं बाहेरून त्याचा उलटतपास घ्यायचा, आणि आबांनी खुर्चीत बसून दोघांचीही सालटी काढायची.

"'का' विचारलंस? परत 'का' विचारलंस?" आबा खुर्चीच्या हातावर मूठ आपटायचे. "'का' म्हटलं की तो गोष्ट सांगत बसतो. त्याला गोष्ट सांगू द्यायची नाही. होय किंवा नाही. प्रश्न म्हणजे खिळा आहे बाळा, एकेक ठोकायचा. रक्त आलं तरी हात थांबवायचा नाही."

एकदा पलूसकडचा राजवर्धन पिंजऱ्यात साक्षीदार म्हणून उभा होता. समोरच्या पोरानं त्याला असं काही टोचलं, त्याच्या बापाच्या दारूपर्यंत नेऊन असं काही सोललं, की राजवर्धन कठडा ओलांडून आला आणि त्यानं त्या पोराची कॉलर धरून त्याला पत्र्यावर आदळलं. ओठ फुटला बिचाऱ्याचा. आबा टाळ्या वाजवत उठले. "बघा! हा चिडला. चिडलेला माणूस खरं बोलत असला तरी खोटा दिसतो. साक्षीदार चिडला की निम्मी केस तुमची." फुटलेल्या ओठाकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. असला तो गुरू आणि असली ती शाळा.

संयोगिता जगदाळे पहिल्या रविवारी संडासात जाऊन रडली होती. दुसऱ्या रविवारी परत आली. वर्षभरात तिच्या आवाजाची पोरांना धास्ती बसली. आवाज चढवायची नाही, हातवारे करायची नाही, लहान लहान प्रश्न विचारत जायची, आणि शेवटी पिंजऱ्यातला माणूस आपल्याच उत्तरांत अडकलेला असायचा. आबा कुणाचं कौतुक करत नसत, पण तिचा तपास चालला की चहाचा कप खाली ठेवायचे. तिला ते कळायचं आणि आवडायचं. का आवडू नये? खेड्यातनं आलेली पोरगी, बाप फौजेतनं आलेला सुभेदार, आई लहानपणीच गेलेली. तिला तिथं कुणीतरी मोजत होतं.

आणि मग तिच्या भावाचीच केस आली.

गाव कृष्णाकाठचं. सगळा ऊस. बापाचं नाव जोतीराम, पण गावात नुसतं सुभेदार म्हटलं तरी पुरे. धाकटा शिवतेज दोनदा भरतीला गेला आणि दोन्ही वेळा पळण्यात बाद होऊन परत आला. बाप एका शब्दानं बोलला नाही, आणि तेच त्या पोराला जाळत राहिलं. गावात त्याला स्वतःचं नाव नव्हतं, सुभेदाराचा पोरगा एवढीच ओळख. हातापायानं दणकट, पण मनानं सोललेल्या बोटासारखा, कुठंही लागलं की ओरडायचा.

दिवाळीच्या सुमाराला माण तालुक्यातले धनगर मेंढरं घेऊन नदीकाठाला उतरतात. शेतकरी त्यांना आपल्या मोकळ्या रानात बसवून घेतो. रानाला लेंड्यांचं खत मिळतं, धनगराला धान्य मिळतं. धुळा धनगर बापाच्या काळापासून या गावात यायचा. जगदाळ्यांच्या रानातसुद्धा त्याची मेंढरं कितीदा बसली होती. लहानपणी संयोगिता त्याची कोकरं मांडीवर घेऊन बसायची, त्याला धुळामामा म्हणायची. त्या साली त्याचा कळप शेजारच्या रानात होता. दिवस मावळताना मेंढरं फुटली आणि जगदाळ्यांच्या उसाच्या नुकत्या फुटलेल्या खोडव्यात घुसली. बोलाचाली झाली, आणि धुळाचा डावा हात कोपराच्या वर कोयत्यानं तुटला. तुटला म्हणजे तुटलाच, उसाच्या सरीत पडला. त्याच्या बायकोनं, धोंडुबाईनं, लुगड्याचा पदर फाडून दंड आवळला आणि टेंपोत घालून त्याला मिरजेला नेलं. माणूस जगला, हात गेला.

धुळानं पोलिसांना नाव सांगितलं, शिवतेज. आणि शिवतेज जामिनावर सुटल्यावर बहिणीपुढं येऊन बसला. "तायडे, म्या न्हवतोच तितं. डेरीवर हुतो दूध घालाय. आयची शप्पत." मेलेल्या आईची शपथ. संयोगितानं ती धरून ठेवली. भावावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर ठेवायचा? तिला एकच पाहिजे होतं, शिवा सुटला पाहिजे. त्यासाठी ती आबांच्या पाया पडली. आबांनी वकालतनामा घेतला आणि म्हणाले, "धुळाचा उलटतपास तू घ्यायचा. त्याला तू ओळखतेस. ओळखीच्या माणसाला कुठं दुखतं ते माहीत असतं."

केस बोर्डावर यायच्या आधीच्या एका रविवारी आबांनी शिवतेजला आखाड्यात बोलावलं. "चढ पिंजऱ्यात. आज तू धुळा."

"म्या?" शिवतेज हसला. पोरंही हसली.

"तूच. त्याचा डावा हात बांधा रे." कुणीतरी गमछानं त्याचा हात पाठीशी आवळला. आबांनी आतनं एक घोंगडी मागवली आणि खोळ करून त्याच्या डोक्यावर टाकली. कठड्याला धरून तो उभा राहिला तेव्हा संयोगिताला तो धुळामामासारखाच दिसला. पण तिनं काळा कोट सारखा केला आणि सुरुवात केली.

"मेंढरं उसात घुसली तेव्हा तू डोक्यावर घोंगडीची खोळ घेतली होतीस?"

"व्हय."

"एक कोकरू सरीत अडकलं. ते उचलायला तू वाकलास?"

"व्हय."

"वाकल्यावर खोळ तोंडावर आली?"

"आली आसंल."

"तुझ्या पाठीमागं पाटाचा बांध. त्या बांधावरनं कुणीही येऊ शकतं?"

"यील की. कुणीबी यील."

आबांनी चहाचा कप खाली ठेवला. संयोगिताला जोर आला. खिळा बसत होता. "म्हणजे ज्यानं कुणी वार केला, त्यानं पाठीमागनं केला. वाकलेल्या माणसावर. समोर यायची छाती नव्हती त्याची. भेकडासारखा, मागनं..."

"मागनं कोन म्हंतंय?"

शेड हादरलं. शिवतेजनं बांधलेला हात हिसडून सोडवला आणि घोंगडी फेकून दिली. "मागनं न्हाई घातला! हाक मारली त्याला. मान वर केली त्यानं, माज्या डोळ्यात बगितलं, मग घातला. म्होरनं! म्या काय भेकड हाय व्हय?"

बाहेर कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. शिवतेजचा श्वास वर-खाली होत होता आणि आपण काय बोलून बसलो ते त्याच्या तोंडावर हळूहळू उमटत होतं. संयोगितानं त्याचा दंड धरला, ओढत शेडच्या मागं नेलं आणि खाडकन मुस्काटात ठेवून दिली. मग दुसरी. तिसरीला त्यानं तिचं मनगट धरलं.

"आईची शपथ घेतलीस माझ्यापुढं!"

"मला भरतीतनं परत आल्यालं म्हणला त्यो!" शिवतेज रडत होता. "म्हणला, पळाय शिकायचं आसंल तर माज्या मेंढराम्हागं ये. समद्या गड्यांम्होरं म्हणला. कोयता हातातच हुता तायडे. म्या काय करू?"

काय करू म्हणे! एका माणसाचा हात तोडून वर विचारतोय काय करू. संयोगिताला त्याला मारावंसंही वाटत होतं आणि जवळ घ्यावंसंही वाटत होतं, आणि दोन्हींची लाज वाटत होती. ती आत येऊन आबांना म्हणाली, "मी हा उलटतपास घेणार नाही."

"नको घेऊस," आबा शांतपणे म्हणाले. "दुसरा घेईल, वाईट घेईल, आणि तुझा भाऊ दहा वर्षं कळंब्याच्या तुरुंगात चक्की पिसेल. बाहेर येईल तेव्हा सुभेदार असतील का बघ. आपल्याला कुणी विचारलंय का खरं काय ते? सरकारनं सिद्ध करायचं आहे. आपण फक्त त्यांचं सिद्ध झालं नाही एवढंच दाखवायचं." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि ह्या पोराचं तोंड बंद करायला शिकवलं पाहिजे. कोर्टात हेच ओरडला तर मी काय, ब्रह्मदेव आला तरी सोडवणार नाही."

ती घरी गेली. बाप ओसरीवर गहू निवडत बसला होता. तिनं विचारलं, "आण्णा, शिवा तिथं होता का हो त्या दिवशी?" सुभेदारांनी तिच्याकडं बघितलं, परत सुपाकडं बघितलं. "म्या त्याला इचारलं न्हाई," ते म्हणाले. "तूबी इचारू नगंस. येकच पोरगं हाय मला." त्या ओसरीवर तिनं ठरवलं की शिवाला सोडवायचं, मग आपलं काय व्हायचं ते होऊ दे.

पुढचे रविवार आठवले की आखाड्यातली पोरं अजून एकमेकांच्या नजरा चुकवतात. आबांनी शिवतेजला आरोपीच्या जागी बसवलं आणि प्रत्येकाला एकेक करून त्याच्यापुढं उभं केलं. म्हणा, मागनं घातला. म्हणा, भेकड. म्हणा, बापाचं नाव घालवलं. पहिल्या दिवशी शिवतेजनं खुर्ची उचलून भिरकावली आणि दोघांना ढकलून पाडलं. दुसऱ्या खेपेला त्यानं खालचा ओठ असा चावला की शर्टावर रक्त ठिबकलं. आबा म्हणाले, "चाव, पण बस." राजवर्धन उठून गेला. पोरांना एव्हाना शिव्या सुचेनात, तर आबा स्वतः सुचवायचे. आणि सगळ्यात शेवटी संयोगिताची पाळी असायची. ती भावाच्या डोळ्यांत बघून, त्याच शांत आवाजात म्हणायची, "मागनं. वाकलेल्या माणसावर. छाती नव्हती म्हणून." ती म्हणायची आणि तो बघत राहायचा. एका रविवारी तो नुसताच बघत राहिला. पापणी हलली नाही, मूठ वळली नाही, चेहऱ्यावर काहीसुद्धा उरलं नव्हतं. आबांनी त्याची पाठ थोपटली. "तयार झाला."

सेशन्स कोर्टात धुळा पिंजऱ्यात चढला तेव्हा त्याच्या सदऱ्याची डावी बाही पिनेनं खांद्याला लावलेली होती. त्यानं उजवा हात कपाळाला लावून जज्जसाहेबांना नमस्कार केला आणि मग सवयीनं संयोगितालाही. "बरी हाईस न्हवं ताई?" मागं बसलेले गावातले लोक हसले. सरकारी वकिलानं त्याच्याकडून सगळी हकीकत वदवून घेतली. मेंढरं फुटली, मी कोकरू उचलायला वाकलो, शिवतेजनं हाक मारली, मी वर बघितलं, त्यानं कोयता घातला. म्होरनं घातला. मग संयोगिता उठली.

खोळ होती? व्हय. वाकला होतास? व्हय. खोळ पुढं आली? आली. सूर्य मावळला होता? मावळला हुता. बांध मागं? व्हय. बांधावरनं येणाऱ्याची चाहूल मेंढरांच्या आवाजात कळत नाही? न्हाई कळत. तिनं एकही प्रश्न मोठा विचारला नाही. धुळा सरळ माणूस, विचारलं तेवढ्याला होय म्हणत गेला, आणि प्रत्येक होय त्याच्यावरच उलटत होतं ते त्याला कळतही नव्हतं. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की जखम दंडाच्या मागच्या अंगाला सुरू झाली आहे, मागून वार झाला असणंही शक्य आहे. अहो, कोयता येताना बघून माणूस अंग चोरतो, खांदा वळवतो, मग जखम मागच्याच अंगाला सुरू होणार! पण हे सांगायला धुळाला जागाच दिली नाही तिनं.

"म्हणजे वार करणारा तुला दिसला नाही. वार मागनं झाला."

"न्हाई ताई. म्होरनं."

"खोळ तोंडावर असताना समोरचं दिसतं?"

"मान वर केली की म्या! त्यानं हाक..."

"होय किंवा नाही. खोळ तोंडावर असताना समोरचं दिसतं?"

"ताई, तुला ठावं हाय म्या खोटं बोलत न्हाई..."

"तुला पूर्वी जगदाळ्यांच्या रानात मेंढरं बसवायला मिळायची, त्या साली मिळाली नाहीत. म्हणून राग होता. म्हणून नाव घेतलंस."

मग धुळा चिडला. एकच हात हवेत उडवत तो ओरडायला लागला, "माजा हात ग्येला! माजा हात ग्येला आन तू मला खोटं म्हंतीस? माज्या मांडीवर खेळली तू!" जज्जसाहेबांनी त्याला दोनदा दटावलं, तरी त्याचं थांबेना, तोंडातनं शिवी गेली, पोलीस पुढं आला. संयोगितानं मान खाली घालून पान उलटलं. आरोपीच्या जागी शिवतेज दगडासारखा बसून होता. सगळ्या कोर्टानं, सगळ्या गावानं ऐकलं, मागनं, मागनं, मागनं. त्याची पापणी हलली नाही.

निकाल लागला, संशयाचा फायदा देऊन निर्दोष. बाहेर पोरांनी गुलाल उधळला. आबांनी संयोगिताच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी." तिला रडायला आलं, आणि ते आनंदाचं होतं असंच तिनं स्वतःला सांगितलं.

आता आबांना, संयोगिताला, त्या सगळ्या काळ्या कोटवाल्यांना एक गोष्ट कळली नव्हती. शिकवणारा सांगलीचा, शिकणारी इतकी शिकलेली, पण जन्मल्या गावचं विसरली. गावाला वार कुणी केला याचा संशय कधीच नव्हता. शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मनातल्या मनात गाव असंही म्हणायचं की वाईट केलं, पण केलं ते म्होरनं केलं, बापासारखंच आहे बेणं. कोर्टानं त्याला सोडला खरा. पण गावानं त्यातनं एवढंच घेतलं की सख्ख्या बहिणीनं भर कोर्टात पटवून दिलं, वार मागनं झाला. आणि शिवतेज गप्प बसून राहिला.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी जेवताना सुभेदार म्हणाले, "सुटलास ते ब्येस झालं."

"आण्णा, ते वकिली बोलणं हुतं. म्या म्होरनंच..."

"समदी ऐकत हुती. तू गप बसलास." सुभेदार ताटावरनं उठले. त्या दिवसापासनं ते त्याच्याबरोबर जेवायला बसेनात.

चहाच्या टपरीवर शिवतेज आला की पोरं उठून भिंतीला पाठ लावून बसायची. "थांब गड्या, भिंतीला टेकू दे. तुजा काय भरवसा न्हाई." मग हसायची. जत्रेत कुस्तीला जोड मागायला गेला तर समोरचा पैलवान म्हणाला, हा मागनं धरील, मला नको. तो बहिणीला फोन करायचा. "तायडे, तू ये आन सांग त्यास्नी. म्होरनं घातला म्हणून सांग. तुजं ऐकत्यात." संयोगिता कामात असायची. आता तिच्याकडं तासगावपासून जतपर्यंतचे पक्षकार येत होते. ती म्हणायची, "शिवा, सुटलायस ना? मग गप जग. एक शब्द बोलू नकोस कुणापुढं." आणि फोन ठेवायची. साक्षीदाराला गप्प करायची सवयच लागली होती तिला.

पुढच्या दिवाळीत धुळा आला. त्याला तरी दुसरं काय करता येणार होतं? माणात गवताची काडी नव्हती आणि मेंढरांना कोर्टकचेरी कळत नाही. एका हातानं काठी पेलत तो कळप घेऊन काठाला उतरला, मागं धोंडुबाई. गावाबाहेरच्या रानात त्याला बसायला जागा मिळाली. टपरीवरच्या पोरांना तेवढंच पाहिजे होतं. "शिवतेजराव, पावनं आल्यात तुमचं. जावा की. पर त्यानं पाठ फिरवल्याबिगर जाऊ नगा."

भाऊबीजेला संयोगिता घरी आली. ओवाळायचं ताट तयार करून तिनं शिवाला हाक मारली, तर तो घरात नव्हता. कोयताही खुंटीला नव्हता. ती तशीच अनवाणी धावत सुटली.

ओढ्याच्या वाटेवर माणसं उभी होती. टपरीवरची सगळी पोरं, उसाचे गडी, दोन म्हातारे. शिवतेजनंच त्यांना बोलावून आणलं होतं. धुळा कळपाच्या कडेला पाठमोरा उभा होता. शिवतेज त्याच्या पाठीशी थांबला. चार पावलं मागं जाऊन वळसा घालून पुढं आला. संयोगिताला ते दिसलं आणि ती जिवाच्या आकांतानं किंचाळली, "शिवाऽऽ!"

"धुळा," शिवतेज म्हणाला, अगदी शांतपणे, तिच्याच आवाजात. "हिकडं बग. नीट बग माज्याकडं." धुळानं मान वर केली. उरलेला हात आडवा धरला. "बगा रं समदी!" शिवतेज ओरडला आणि कोयता खाली आला. पहिला हातावर बसला. दुसरा मानेत. धुळा गुडघ्यावर आला, तोंड उघडं, आणि आवाजाऐवजी रक्तच बाहेर आलं. तिसरा घातला तेव्हा तो आडवा झालेला होता. मेंढरं ओरडत ओढ्यात उधळली. धोंडुबाई कळपाच्या पलीकडनं धावत आली आणि नवऱ्याच्या मानेवर दोन्ही हात दाबून बसली. रक्त तिच्या बोटांतनं येत राहिलं. थोड्या वेळानं यायचं थांबलं.

शिवतेजनं कोयता खाली टाकला. तोंडावर, छातीवर रक्त, आणि त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी हसू होतं. "तायडे, बगितलंस न्हवं? म्होरनं."

संयोगिता बांधावर बसली. पोरं एकेक करून सटकली. म्हातारे गेले. उसाचे गडी उसात शिरले. जे त्याला रोज टोचत होते, त्यातलं एक माणूस तिथं उरलं नाही. सुभेदार तेवढे आले आणि पोरापासनं दूर, ओढ्याच्या पाण्याजवळ उभे राहिले. त्यांची मान ताठ होती. संयोगितानं ती बघितली आणि तिला बापाचा असा संताप आला की दगड उचलून मारावा.

पोलिसांची गाडी आली. फौजदार नवा होता, तरणा. त्यानं मढं बघितलं, कोयता बघितला, रिकामी वाट बघितली. "कुणी बघितलं?" त्यानं मोठ्यानं विचारलं. पलीकडं गावात दारं बंद होती, खिडक्या बंद होत्या. धोंडुबाईनं एकदाच वर बघितलं, फौजदाराकडं नाही, संयोगिताकडं, आणि परत नवऱ्याच्या तोंडावरनं हात फिरवायला लागली.

सुभेदार जवळ आले. खालच्या आवाजात म्हणाले, "तायडे, घरात जा. तू आत्ता आलीस. तू काय बगितलं न्हाईस. आबास्नी फोन कर."

तिला ठाऊक होतं. ती साक्षीला उभी राहिली तर आबाच शिवाचे वकील म्हणून समोर येतील. ते त्याच शांतपणे तिला विचारतील, रडत होतीस ना, धावत होतीस ना, डोळ्यांत पाणी असताना समोरचं दिसतं का, होय किंवा नाही. ते तिला सोलून काढतील आणि तिला आवाज चढवायलासुद्धा जागा ठेवणार नाहीत. तिनं गुडघ्यांवर हात टेकले आणि उठली.

"मी बघितलं," ती म्हणाली.

सुभेदारांनी तिचा हात धरला. तिनं सोडवून घेतला.

"कुणी मारलं?"

"शिवतेज जोतीराम जगदाळे. कोयत्यानं. समोरून. हाक मारून, डोळ्यांत बघून." ती थांबली नाही. "आणि मागच्या वेळीपण त्यानंच मारलं होतं. तेव्हाही समोरून. धुळा खरं बोलत होता."

शिवतेज तिच्याकडं बघत राहिला. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं नव्हतं, उलट वाढलंच, शेवटी तिनं ते सगळ्यांपुढं सांगितलं म्हणून. फौजदारानं जबाब लिहायला घेतला, आणि तिचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. मग त्यानं विचारलं, आरोपीचं तुमचं नातं काय?

"सख्खी बहीण," ती म्हणाली, आणि त्यानं ते लिहून घेतलं.